रुगुनच्या नावानं वाचलेलं पत्र

लुंबान हारिआरा, ४ मार्च १९३४

रुगुन,

आजवर या घरातून तुला जी पत्रं आली ती सगळी आईची होती. ती चुलीपाशी बसून सांगायची आणि मी लिहायचे. "अक्का स्वतःच्या मनानं दोन ओळी का लिहीत नाही?" असं तू मागच्या पत्रात विचारलंस. तेही मीच आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लिही की गं. तुझं काय जातंय?" म्हणून बसले आहे.

आज महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे तुझा रविवार. उपासना संपली की एलियाकिम गुरुजी पुस्तक मिटतात आणि म्हणतात, "आता आपल्या बेटावरच्या लेकीचं पत्र ऐकू. रुगुनची बहीण, पुढे या." मी पुढे जाते. आपल्याकडं बाईला तिच्या पहिल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, पण मला मूल नाही. नवऱ्याच्या नावानं मारावी तर तोगार तळ्यात बुडाला त्याला सहा वर्षं झाली. दुमासी म्हणून हाक मारणारी आता आई एकटीच उरली आहे. बाकी सगळ्या गावाला मी रुगुनची बहीण.

तुझं पत्र मी चांगलं वाचते. कुठं थांबायचं, कुठं आवाज उतरवायचा, मला कळतं. पागाई बेटावरच्या बायका आजारी पोरांना होडीत घालून दोन-दोन दिवसांच्या वाटेवरून तुझ्याकडे आणतात, ते मी वाचलं तेव्हा पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या. रोंतुआची आई मला दारात म्हणाली, "तुझी आई किती भाग्याची गं. अशी लेक पोटी आली."

"तिला दोन लेकी आहेत," मी म्हटलं.

"हो, हो. तुझा आवाज पण छान आहे," ती म्हणाली.

एक कबूल करते. तिथल्या बायका आता तुला आई म्हणतात आणि तुझा हात लागल्याशिवाय औषध घेत नाहीत, ही चार वाक्यं मी गाळली. गुरुजींना कळलं नाही. मला ती म्हणवेनात.

तुला पहिली अक्षरं मी शिकवली होती. चुलीतली राख पसरून, काडीनं. तुला 'र' उलटा यायचा. मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टर हेडविग घरी आल्या तेव्हा मी शेतात गुडघाभर चिखलात होते. परत आले तर तू पेटी भरत होतीस. दवाखान्यात शिकायला त्यांनी तुला निवडलं होतं. मी अठरा वर्षांची होते आणि सबंध शाळेत माझ्यापेक्षा चांगलं वाचणारं कोणी नव्हतं. मग तूच का, हे मी अकरा वर्षांत कोणाला विचारलं नाही. आता तुला विचारते.

आई बरी आहे. म्हैस व्याली.

दुमासी


२० मे १९३४

रुगुन,

तुझा फोटो पोचला. मांडीवर मारिंतान, मागे जावई हिस्किया उभे, त्यांच्या मागे झावळ्यांचं छप्पर. गुरुजींनी त्याला चौकट करून देवळाच्या भिंतीला लावला आहे, दानपेटीच्या वर. आता पेटीत काही टाकायचं तर तुझ्या तोंडाकडे बघूनच टाकावं लागतं. पोरगी आपल्या आईसारखी दिसते. कपाळ तर अगदी तेच. आईनं फोटोला हात लावून बघितला, मग हाताला तेल होतं म्हणून स्वतःवरच चिडली.

माझ्या प्रश्नाचं उत्तर तू दिलं नाहीस. 'देवाच्या योजना आपल्याला कळत नाहीत, अक्का,' एवढं लिहून पुढे तापाच्या साथीवर गेलीस. ठीक आहे.

देवळाच्या मंडळीनं पाठवलेली सहा उलोस कापडं फार सुंदर होती, थंडी वाजून येणाऱ्या रोग्यांना पांघरायला आली, असं लिहून तू मंडळीचे आभार मानलेस. ती मी विणली. पाच महिने लागले. कमरेला मागाचा पट्टा बांधून बसले की संध्याकाळी उठताना भिंत धरावी लागायची. गाठोड्यावर 'लुंबान हारिआराच्या मंडळीकडून' असं गुरुजींनी लिहिलं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर म्हणाले असते, रुगुनच्या बहिणीला मोठेपणा हवा आहे. हवाच होता.

आज खरं लिहायचं ठरवलंय, तर हेही लिहिते. तोगार गेल्यावर त्याच्या घरच्यांनी मला धाकट्या दिराच्या घरात बसवायचं ठरवलं. आपली जुनी रीत ती. दिराची बायको बाळंतीण होती. मी नाही म्हटलं. बाप्तिस्मा घेतलाय, एका घरात दुसरी बायको होऊन राहणार नाही, असं भर अंगणात त्याच्या काकांसमोर म्हटलं. त्यांनी माझे माठसुद्धा ठेवून घेतले. नेसत्या कपड्यानिशी तीन गावं चालत आईकडं आले. वाटेत लोक बघत होते. त्या दिवशी माझ्यासाठी कुठल्या देवळात प्रार्थना झाली नाही. समुद्र ओलांडला नव्हता ना मी.

आईनं माग मांडलाय. मारिंतानला पाठीशी बांधायचं कापड आजीनं द्यायचं असतं, ते विणते आहे. तिला बारीक धागा दिसत नाही. माझ्या हातून मात्र एक ओळ घालू देत नाही. "हे माझं काम आहे," म्हणते. माझ्या पोटी काही आलं असतं तर तिनं इतक्याच हट्टानं विणलं असतं का, असा विचार मनात आला. चांगला नाही, पण आला.

दुमासी


१२ ऑगस्ट १९३४

रुगुन,

बऱ्याच दिवसांत तुझं पत्र नाही. बोटीला उशीर होत असेल. या दिवसांत समुद्र खवळलेला असतो म्हणतात.

इकडं सगळं ठीक. भाताला ओंब्या धरल्या. तळ्यात मासे बरे मिळताहेत. आई तुझी आठवण काढते. कापड अर्ध्यावर आलंय.

तब्येतीची काळजी घे. जावयांनाही सांग.

दुमासी


९ सप्टेंबर १९३४

रुगुन,

मागच्या पत्रातलं पहिलं वाक्य खोटं होतं. तुझं पत्र वीस जुलैला आलं होतं.

गुरुजी शुक्रवारच्या बाजाराला बालिगेला गेले होते, तिथल्या टपाल कचेरीतून तेच घेऊन आले. पाकिटावर पहिल्यांदाच माझं नाव होतं. आईचं नाही, मंडळीचं नाही, माझं. गुरुजी आपल्या अंगणातूनच ओरडले, "बेटावरचं पत्र," आणि चार घरांतल्या बायका दारात आल्या. मी ते घेऊन भाताच्या कणगीमागे गेले. मला आनंद झाला होता, रुगुन. उघडायच्या आधी क्षणभर फार आनंद झाला होता.

तू लिहिलं होतंस की मारिंतान नऊ जूनला गेली. तीन दिवस ताप, मग आकडी. दुसऱ्यांची पोरं वाचवणाऱ्या हातांना स्वतःच्या पोरीला वाचवता आलं नाही. जावई त्याच तापानं अंथरुणात आहेत आणि दवाखान्यात तू एकटी. 'आईला पत्र वाचून दाखवू नकोस, तिचा हात हातात घेऊन तू सांग. आणि मंडळीला सांग, कोणालातरी पाठवा. कोणीही चालेल. पुढच्या बोटीनं.'

मी यातलं काही केलं नाही.

का, ते लिहिते. तू हे पत्र पुढे वाचशील की नाही मला माहीत नाही. कणगीमागे उभी राहूनच मी ते दोनदा वाचलं. मी मारिंतानला कधी पाहिलं नाही, तरी रडले. आणि रडता रडताच मला पुढचं दिसायला लागलं. देऊळ भरलेलं. तुझ्या फोटोला पांढरं कापड. महिनाभर, वर्षभर, तुझ्याच नावाची प्रार्थना. मी विधवा झाले तेव्हा मला माठ मिळाले नाहीत आणि तू दुःखातही संत होणार. मनात आलं, हेसुद्धा हिलाच. असं आलं, मी काय करू? मी पत्र सुताच्या पेटीत तळाशी घातलं आणि ठरवलं, दोन दिवसांनी सांगू.

पण पत्र आल्याचं सगळ्या गावाला माहीत होतं. पाच ऑगस्टला पहिला रविवार आला. सकाळपर्यंत मी सांगणारच होते. गुरुजींनी हाक मारली, मी पुढे गेले, आणि हातात वहीचे कोरे दोन कागद होते. घरून निघताना ते मीच घेतले होते. म्हणजे ठरलेलंच होतं.

मी वाचलं. तुझ्या नावानं. तुला सांगते काय काय वाचलं, कारण ते तुझ्या तोंडी घातलंय. मारिंतान रांगायला लागली. परवा नारळामागे रांगत थेट समुद्रापर्यंत गेली आणि तिला उचललं तर नारळासाठी रडली. सगळे हसले. आईनं मागे वळून लोकांकडे बघितलं, ऐकलंत ना, अशा डोळ्यांनी. मग मला थांबता येईना. मी वाचलं, 'मला लोक इथं मान देतात, पण खरं सांगते, मला जे येतं ते सगळं माझ्या अक्कानं शिकवलं. ती आली असती तर माझ्यापेक्षा मोठं काम तिनं केलं असतं.'

सगळं देऊळ माझ्याकडे बघत होतं. रोंतुआची आई मान हलवत होती. गुरुजी म्हणाले, "दुमासीबाई, हे आम्हाला कळायला हवं होतं." दुमासीबाई म्हणाले.

तुझी पोर तोवर दोन महिने मातीत होती.

त्या दिवसानंतर रोज संध्याकाळी मी आईला मागावर बसलेली बघते. अंगणात उजेड असेतो विणते. नारळाची गोष्ट तिनं शेजारणीला चार वेळा सांगितली. दर वेळी थोडी वाढवून. काल म्हणाली, "दोन बोटं कापड लांब करते गं. पोर रांगायला लागली म्हणजे वाढली असेल." मी उठून म्हशीकडं गेले.

आज आईला सांगणार आहे. त्याआधी तुला लिहिलं. क्षमा मागत नाही, मला कोणत्या तोंडानं मागावी ते सुचत नाही.

दुमासी


११ सप्टेंबर १९३४

रुगुन,

आईला सांगितलं. तू म्हणाली होतीस तसा हात हातात घेऊन.

ती रडली नाही. कमरेचा पट्टा सोडला, माग बाजूला ठेवला. मग विचारलं, "कधी?"

"जूनमध्ये."

"पत्र कधी आलं?"

"जुलैत."

तिनं त्या कापडाकडे बघितलं. "म्हणजे एवढं सगळं तू मला विणू दिलंस," ती म्हणाली. हात सोडवून घेतला नाही. तो तिनं सोडवून घेतला असता तर बरं झालं असतं.

"का गं?" तिनं विचारलं.

मग माझा बांध फुटला. मी म्हटलं, "कारण सगळं तिलाच मिळतं. पहिल्यापासून. सिस्टरनी तिला निवडलं, मला नाही. माझ्यात काय कमी होतं ते मला कोणी सांगितलं नाही."

आई म्हणाली, "सिस्टरनी तुला मागितलं होतं."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"तुला मागायला आली होती ती. तुझंच नाव घेऊन. मी सांगितलं, थोरलीचं लग्न ठरलंय. काही ठरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उठून मी तोगारच्या घरी गेले. म्हटलं, सिस्टर परत मागायला यायच्या आत उरकून टाकू. तीन गावं पलीकडचाच होता, चालत येण्याच्या अंतरावर राहशील. तुला नाही म्हटल्यावर त्याच दिवशी, तिथंच तिनं विचारलं, धाकटी देता का? धाकटीला म्हटलं, जा."

"मला का नाही जाऊ दिलंस?"

"तुझ्याशिवाय मला करमलं नसतं," आई म्हणाली. घरातलं मीठ संपलंय म्हणावं तशी.

"आणि रुगुन? तिला माहीत होतं?"

"ती सिस्टरसाठी पाणी घेऊन आत येत होती. तिनं ऐकलं. मी तिला पवित्र शास्त्रावर हात ठेवायला लावला, अक्काला कधी सांगणार नाहीस म्हणून."

रुगुन, तुला माहीत होतं. अकरा वर्षं. माझं लग्न झालं तेव्हा तू पिवळं फूल माळून माझ्या शेजारी बसली होतीस, तेव्हा माहीत होतं. तोगार गेल्यावर तू लिहिलंस, 'अक्का, प्रभू तुझं सांत्वन करो,' तेव्हाही. आणि मार्चमध्ये मी सरळ विचारलं, तर देवाच्या योजना. देवाच्या नव्हत्या त्या. आपल्या आईच्या होत्या.

दोन दिवस मी आईशी बोलले नाही. जेवायला वाढलं, अंथरूण घातलं, बोलले नाही. आज तिनंच हाक मारली, "दुमासी, गुरुजींना कधी सांगणार?" मी म्हटलं, पहिल्या रविवारी. ती म्हणाली, "मी बाकावर पुढे बसेन."

मी तुझा गुन्हा केला तो केला. तो लहान करायला हे लिहीत नाही. पण तूही माझ्याकडून काहीतरी घेऊन गेलीस आणि गप्प बसलीस, हे मला लिहायलाच हवं, नाहीतर मी पुन्हा गोड पत्रं लिहायला लागेन.

दुमासी


७ ऑक्टोबर १९३४

रुगुन,

आज तुझं खरं पत्र वाचलं. सबंध. एकही ओळ गाळली नाही. आधी सांगितलं की ऑगस्टमध्ये वाचलेलं खोटं होतं, मी रचलेलं होतं, आणि का रचलं तेही. 'हेवा' हा शब्द म्हणताना माझा आवाज फुटला. इतकी वर्षं वाचते, कधी फुटला नव्हता.

वाचून झालं. मग रोंतुआच्या आईनं विचारलं, "म्हणजे ते नारळाचं?"

"खोटं," मी म्हटलं.

"नातवंडांना सांगितलं होतं मी," ती म्हणाली. राग नव्हता तिच्या बोलण्यात. नुसतं वाईट वाटलं होतं. मला शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

आई पुढच्या बाकावर ताठ बसली होती. लोकांना वाटलं ती माझ्यावर रागावली आहे. तिनं उठून सांगितलं, "हिच्या खोटेपणाला मी खतपाणी घातलंय. काय ते घरी आमचं आम्ही बघू. तुम्ही माझ्या धाकटीचं बघा. तिनं माणूस मागितलंय."

मंडळीचे वडीलधारे ओसरीत बसले. निकाल असा झाला, सहा महिने मला प्रभुभोजन नाही. पत्र वाचायचं काम काढून घेतलं. बायकांच्या मंडळात बसायचं नाही. शिक्षा योग्य आहे. मग गुरुजींनी विचारलं, पागाईला कोण जाईल? तरण्या पोरांनी जमिनीकडे बघितलं. गुरुजींचा भाचा, तो दवाखान्यात शिकलाय तो, म्हणाला की त्याच्या बायकोला समुद्र सोसत नाही. तिनं अजून समुद्र बघितलेला नाही. दानपेटीवर तुझा फोटो होता, तिकडंही कोणी बघेना. एवढं प्रेम होतं तुझ्यावर, रुगुन. मला आतून कुठंतरी बरं वाटलं, तेही लिहून टाकते.

मी म्हटलं, "मी जाते."

वडीलधाऱ्यांतले थोरले म्हणाले, "शिक्षेखालच्या बाईला मंडळी पाठवू शकत नाही."

"मग पाठवू नका," मी म्हटलं. "मी नुसती जाते."

तू काय म्हणतेस ते कळव. तुझं उत्तर येईतो थांबते.

दुमासी


२५ नोव्हेंबर १९३४

रुगुन,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. पाकिटावर फक्त गावाचं आणि माझं नाव, आत एकच कागद. सप्टेंबरपासूनची माझी तिन्ही पत्रं तुला एकाच बोटीनं मिळाली म्हणतेस. तू लिहिलंस ते मी इथं पुन्हा उतरवते, म्हणजे मी ते नीट वाचलं हे तुला कळेल.

'दोन बोटी येऊन गेल्या. दोन्ही वेळा मी धक्क्यावर गेले. दुसऱ्या वेळी हिस्कियांना काठी धरून उभं केलं, म्हटलं येणाऱ्याला वाटू नये की इथं सगळेच मेलेत. कोणी उतरलं नाही. तू पेटीच्या तळाशी ठेवलेलं पत्र लिहायला मला चार दिवस लागले होते. येऊ नकोस. मला तुझं तोंड बघायचं नाही.'

आणि खाली, शाई बदललेली:

'तू माझ्यावर जळत होतीस म्हणतेस. मी पंधरा वर्षांची होते. हातात पाण्याचा तांब्या होता. आईला एक मुलगी ठेवायची होती आणि एक द्यायची होती, आणि तिनं विचार करायला श्वासभर वेळही घेतला नाही. तुला ठेवून घेतलं, मला देऊन टाकलं. त्या दिवसापासून मी तुझ्यावर जळते आहे. शपथेमुळे गप्प राहिले हे अर्धंच खरं. तुला सांगितलं असतं तर तुला कळलं असतं की आईला तूच हवी होतीस. ते तुला कळू द्यायचं नव्हतं मला.'

मी तुझी बहीण आहे आणि खोटं बोलून थकले आहे, म्हणून माझ्या मनात काय झालं ते क्रमानं सांगते. आधी मी खूश झाले. खरंच. ज्या रुगुनसाठी देऊळ भरतं ती माझ्यावर जळते, हे मी तीनदा वाचलं. माझ्यावर आजवर कोणी जळलं नव्हतं. मग तो पाण्याचा तांब्या डोळ्यांसमोर आला. तू त्या दिवशी पेटी भरताना एकदाही वर बघितलं नव्हतंस. मला वाटलं होतं तुला गर्व झालाय. मी रागानं तुझ्या पेटीला मदतीचा हातही लावला नाही. अकरा वर्षं मी तो गर्व मनात जपला, आणि ते रडू होतं.

आईला मी हे पत्र वाचून दाखवलं. सगळं. गाळायची सवय गेली. ऐकून ती दिवसभर पडून राहिली. संध्याकाळी उठून म्हणाली, "तिला लिही," आणि मग काय लिहायचं ते तिला सुचलंच नाही.

तू येऊ नकोस म्हणतेस. मी येते आहे. या वेळी तुझं ऐकणार नाही. चुलतभावाची बायको आईपाशी राहायला आली आहे.

दुमासी


पाडांग, १६ डिसेंबर १९३४

रुगुन,

बोट उद्या सकाळी सुटते. इथं बंदराजवळ निआस बेटावरच्या एका बाईच्या घरी उतरले आहे. समुद्र पहिल्यांदा बघितला. आपल्या तळ्यासारखाच वाटला, फक्त पलीकडचे डोंगर कोणीतरी काढून घेतल्यासारखा. बसमध्ये दोन दिवस उलट्या झाल्या, आता बोटीत काय होईल ते होवो.

निघताना देवळाची घंटा झाली नाही, गाणं झालं नाही. तू गेलीस तेव्हा दोन गावांचे लोक रस्त्यावर होते. मी मोजले होते. माझ्या वेळी बस थांब्यावर आई होती आणि रोंतुआची आई होती. तिनं सुक्या माशांची पुडी दिली आणि म्हणाली, "नारळाचं मला खरंच आवडलं होतं बाई. पण असं पुन्हा करू नकोस." गुरुजी आले नाहीत. पण आदल्या दिवशी कोणीतरी ओट्यावर क्विनाईनचा डबा ठेवून गेलं. डब्यावरचं अक्षर गुरुजींचं होतं.

आईनं माझं गाठोडं स्वतः बसमध्ये चढवलं. मला वाटत होतं, आता रडेल, मला एकटीला टाकून कुठं चाललीस म्हणेल. बसचा भोंगा वाजला तेव्हा खिडकीला धरून म्हणाली, "रुगुनला सांग, माया कमी म्हणून नाही दिलं तिला. दोघींत ती बळकट होती. कुठंही टाकली तरी उभी राहील असं वाटलं. तू उभी राहिली नसतीस, म्हणून ठेवली."

निरोप जसाच्या तसा पोचवते आहे. तुझ्यासाठी आहे, तुझाच आहे. पण बळकट ती, हे ऐकून मी पुन्हा तुझ्यावर जळले. घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत मी विचार करत होते, मी नेसत्या कपड्यानिशी तीन गावं चालत आले ते आईनं बघितलं नव्हतं का. हे जाणार नाही गं. मी समजत होते, खरं बोललं की जातं. थोडं कमी होतं. बोटीत माझ्याबरोबर तेही येतंय. तुझ्याकडचंही तिथं असेलच. दोघींना एका छपराखाली त्याच्यासकट राहावं लागेल. तुला चालणार नसेल तर पुढच्या बोटीनं परत पाठव, मी भांडणार नाही. पण तोवर जावयांचं अंथरूण मी धुईन आणि तू झोप घे.

आणि आधी मला मारिंतानची जागा दाखव. मी तिला रांगायला लावलं, नारळासाठी रडायला लावलं, सगळ्या गावासमोर. तिच्यापाशी मला थोडा वेळ बसायचं आहे. तू बरोबर नाही आलीस तरी चालेल. नुसतं बोट दाखव.

हे पत्र आत्ता कचेरीत टाकते. टपालाची थैली त्याच बोटीत असते म्हणाले, म्हणजे पत्र आणि मी एकदमच पोचू. तुझ्यासमोर उभं राहून हे सगळं मला म्हणता येणार नाही, म्हणून लिहिलं. धक्क्यावर आलीस तर आधी थैली उघडून घे. हे वाच. घाई करू नकोस, दोनदा वाच. माझ्याकडे बघू नकोस तोवर. मी गाठोडं घेऊन तिथंच थांबते.

दुमासी